बर्फाचे टायर आणि आपला पावसाळा



संपादक मंडळाने परदेशच्या मुक्कामाविषयी चार ओळी लिहून मागितल्या. प्रवासवर्णन हा काही माझा प्रांत नाही. सारी नोकरी देवासच्या कारखान्यात यंत्रांच्या संगतीत गेली, त्यामुळे माझी नजर धबधब्याआधी चाकाकडे जाते. म्हणून मी मोटारीच्या टायरांविषयी लिहिणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटी तो आपल्या शाळेच्या फाटकापाशीच येऊन थांबतो.

२०२२ साली ऑक्टोबर ते जानेवारी आम्ही उभयता मुलीकडे कॅनडात, मॉन्ट्रियलला होतो. दिवाळीचा फराळ संपत आला तसे जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, गाडीचे टायर बदलून आणू." मी खाली जाऊन पाहिले तर टायर उत्तम स्थितीत होते, नक्षी पुरती शाबूत. "हे तर नवेच दिसतात," मी म्हणालो. ते म्हणाले, "हे उन्हाळ्याचे. आता हिवाळ्याचे लावायचे." आपल्याकडे स्वेटर ट्रंकेतून निघतात, तिकडे टायर निघतात! दुकानात आठवडाभर आधी वेळ घ्यावी लागली होती. काढलेले चारही टायर दुकानदाराने चिठ्ठी लावून वसंतापर्यंत सांभाळायला ठेवून घेतले.

क्विबेक प्रांतात हा कायदाच आहे. १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर हवेतच, नाहीतर दंड. २००८ साली कायदा लागू झाला तेव्हा ही मुदत १५ डिसेंबरपासून होती, पुढे २०१९ पासून ती अलीकडे आणली. टायर खरोखर हिवाळी आहे हे ओळखायचे कसे? त्याच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. चिखल आणि बर्फाची नुसती अक्षरे छापलेला बारमाही टायर तिथे २०१४ च्या डिसेंबरपासून हिवाळी मानत नाहीत.

यामागचे शास्त्र मुलांना सहज समजेल. पौषात आपल्या घरी खोबरेल तेलाची बाटली थिजते ना? साध्या टायरचे रबरही थंडीत असेच कडक होते. साधारण ७ अंशांच्या खाली तापमान गेले की त्याची रस्त्यावरची पकड कमी होऊ लागते, मग बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचे रबर वेगळ्या मिश्रणाचे असते, ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. फिनलंडमध्ये असा टायर १९३४ सालीच तयार झाला होता.

निवड करताना तिथल्या मेकॅनिकने दोन गोष्टी बजावल्या. पहिली, चारही टायर एकाच जातीचे हवेत. पुढे हिवाळी आणि मागे साधे लावले, तर वळणावर गाडीचे मागचे अंग घसरते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. दुसरी, हवा वरचेवर तपासायची. थंडीत हवा आकसते. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की साधारण एक पौंड दाब कमी होतो. ऑक्टोबरच्या उबदार दुपारी भरलेली हवा जानेवारीत चार-पाच पौंड कमी भरते, टायरला भोक नसतानाही.

आता कोणी म्हणेल, काका, धार-देवासला बर्फ कुठे पडतो? खरे आहे, आणि म्हणूनच हे टायर आपल्या कामाचे नाहीत. वैशाखात आपले डांबर तापते तेव्हा ते मऊ रबर भराभर झिजेल. पण आपल्यालाही एक निसरडा ऋतू आहेच. माळव्याची काळी माती आणि मृगाचा पहिला पाऊस एकत्र आले की डांबरावर जो राबडा होतो, तो बर्फाहून फार वेगळा नसतो. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली माती रस्त्यावर येते, त्यात सांडलेले तेल मिसळते. अशा दिवसांत मांडूच्या वाटेवर श्रावणातली गर्दी आठवा.

टायरची नक्षी शोभेसाठी नसते, ती पाण्याला वाट देण्यासाठी असते. टायर गुळगुळीत झाला की पाणी बाजूला जात नाही आणि वेगात चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगते. मग ब्रेक आणि स्टिअरिंग, दोन्ही निकामी. मोटारीसाठी खाचेची खोली निदान १.६ मिलिमीटर हवी असा आपल्याकडे नियम आहे. खाचेच्या तळाशी आडवी उंच पट्टी असते. नक्षी झिजून तिच्या पातळीला आली की टायर संपला. पावसासाठी मात्र ३ मिलिमीटरलाच बदलावा, असे जाणकार सांगतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षे उलटलेला टायर दरवर्षी जाणत्या माणसाला दाखवावा. दोनच नवे घ्यायची ऐपत असेल तर ते मागच्या चाकांना लावावेत. आपल्याकडे नेमके उलटे करतात.

गंमत अशी की या विद्येचे माहेर आपल्या शेजारीच आहे. धार जिल्ह्यात पीथमपूरजवळ खेडा येथे ब्रिजस्टोनचा टायर कारखाना १९९८ पासून आहे. पीथमपूरलाच वाहनांच्या चाचणीचे मोठे केंद्र असून तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन २०२१ साली झाले. शाळेची सहल तिकडे नेता आली तर मुलांना पुस्तकातले घर्षण डोळ्यांनी पाहता येईल.

आता मुद्द्याचे. गेल्या जुलैत नातवाला न्यायला फाटकापाशी उभा होतो. समोरच्या व्हॅनमध्ये मुले चढत होती. मागचे दोन्ही टायर पाटीसारखे सपाट. चालक भला माणूस, मुलांना हात धरून चढवणारा. त्याला टायर दाखवले तर म्हणाला, "बाबूजी, बरसात निकल जाए, फिर बदल दूँगा। अभी गड्ढों में नया टायर कट जाएगा।"

त्याचा हिशेब खोटा नव्हता. खड्ड्यात नवा टायर खरेच चिरतो आणि भुर्दंड त्याच्या एकट्याच्या खिशाला बसतो. पण मॉन्ट्रियलचे लोक टायर बर्फ पडण्याआधी बदलतात, बर्फ वितळल्यावर नव्हे. पाऊस सरल्यावर घेतलेल्या नव्या टायरने जुलैतली मुले कशी सुरक्षित राहणार? त्या चालकाला दोष देणे सोपे आहे. पण व्हॅनचे भाडे पन्नास रुपयांनी वाढले की त्याच्याशी तासभर घासाघीस करणारे आपणच असतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. शाळा उघडण्यापूर्वी, मेअखेरीस, विश्वस्त मंडळाने एक सकाळ ठरवावी आणि मुलांना आणणाऱ्या सर्व गाड्यांचे टायर तपासून घ्यावेत. खोली मोजायचे साधन अगदी स्वस्त असते. वरच्या वर्गातील मुलेच मोजणी करून तक्ता बनवू शकतील. जिथे टायर बदलणे आवश्यक असेल, तिथे त्या व्हॅनच्या पालकांनी खर्चाचा काही भाग उचलावा. दहा-बारा घरांत वाटला तर तो फार जड जाणार नाही. मोजणी शिकवायला मी येईन, आणि माझ्या नातवाच्या व्हॅनची वर्गणी आजच कार्यालयात जमा केली आहे.

तिकडे कायद्याने सक्ती केली. आपण आपल्या मुलांसाठी ती आपणहून करून घेऊ या.