जुमेरात बाजारातला वस्तरा

माणसाला एखादा निरुपद्रवी नाद असावा, असे आमचे मत आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. आम्हाला नाद जडला तो जुन्या वस्तऱ्यांचा. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने, त्यातही मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या गृहस्थाने, सुटीच्या दिवशी गंजके वस्तरे घासत बसावे, हे आमच्या सौभाग्यवतीस कधीच रुचले नाही. "अहो, मुलांचे कान उपटून झाले, आता गळे कापायचे आहेत का?" असे ती विचारते. आम्ही हसून वेळ मारून नेतो आणि शिवणयंत्राच्या तेलाची बाटली हळूच उचलून गच्चीवर जातो.

हैदराबादचा जुमेरात बाजार नावाप्रमाणे गुरुवारी भरतो. शाळा सुटल्यावर तिकडे एक फेरी मारल्यावाचून आम्हाला चैन पडत नाही. जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर मोडकी घड्याळे, पितळी नळ, बिनझाकणांच्या किटल्या, एकेकटे बूट असे सारे गुण्यागोविंदाने नांदत असते. त्या पसाऱ्यात कुठे तरी मिटलेला वस्तरा पडलेला असतो. विकणाऱ्यास त्याची फारशी किंमत नसते. मात्र आपण तो हाती घेतला की ती एकाएकी वाढते.

पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असेच अखंड पोलादाचे वस्तरे असत. १९०४ साली अमेरिकेत जिलेट या गृहस्थास बदलत्या पात्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि घरोघरची दाढी हळूहळू सोपी झाली. न्हाव्याने मात्र जुना वस्तरा पुढेही अनेक वर्षे सोडला नाही. १९८६ साली आपल्या देशात एड्सच्या विषाणूची लागण प्रथम आढळली. त्यानंतर एकच पाते अनेकांच्या गालांवरून फिरविण्याची भीती वाढत गेली आणि सलूनमधून गिऱ्हाइकागणिक नवे पाते घालण्याची पद्धत रुळली. ते योग्यच झाले. जुने वस्तरे मात्र भंगारात निघाले.

गेल्या पावसाळ्यात आम्हाला असाच एक वस्तरा मिळाला. दीडशेवरून घासाघीस करून तो ऐंशी रुपयांत पदरात पाडून घेतला. मूठ काळ्या शिंगाची, पाते जाड आणि गंजाने तांबूस झालेले. घरी येऊन देठ पुसला, तेव्हा 'रॉजर्स', 'शेफील्ड' आणि मुकुटाशेजारी 'व्ही. आर.' ही अक्षरे दिसू लागली. राणी व्हिक्टोरिया १९०१ साली वारली. म्हणजे वस्तरा बहुधा त्याच्याही आधीचा. एके काळी शेफील्डच्या नावाचा दबदबा एवढा होता की त्या नावाचा खोटा छाप मारून जर्मन माल खपविला जाई. त्याला आळा घालण्यासाठी १८८७ साली इंग्लंडात कायदा झाला आणि परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. पुढे जर्मनीतल्या सोलिंगनच्या कारागिरांनी आपल्याच नावाने जग जिंकले, ही गोष्ट निराळी.

या कामात घाई चालत नाही. यंत्राच्या चाकावर पाते धरले तर ते पाहता पाहता तापते. पोलाद निळे पडले की त्याचे पाणी गेलेच म्हणून समजावे. म्हणून सारे काम हाताने करावे लागते. आधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावयाचे, मग तेल लावून पॉलिश पेपरने घासावयाचे; प्रथम चारशे नंबर, मग सहाशे, हजार, शेवटी दोन हजार. हात धारेच्या दिशेने कधीही फिरवू नये, नाहीतर बोट गेलेच. गंज निघाला की खाली बारीक खड्डे दिसू लागतात. ते सगळेच घालवावे असा मोह होतो. पण खड्ड्यांच्या मागे लागले तर खड्ड्यांबरोबर पातेही संपते. धारेपाशी खड्डा नसला म्हणजे पुरे.

धार लावण्याची विद्या आम्ही शिकलो ती एका वृद्ध कारागिराकडून. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात. शालीबंड्यातल्या आमच्या जुन्या वाड्याचे वतनच म्हणावे, असे त्यांच्या घराण्याचे आमच्याकडे जाणेयेणे होते. दगडावर पाते आडवे ठेवून पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवावी, म्हणजे कोन आपोआप साधतो, हे त्यांनीच शिकविले. दगडावर धार पुढे चालते. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे.

हा वस्तरा घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. मामांनी तो पट्ट्यावर चार वेळा फिरविला. सट्, सट्, सट्. आणि त्या आवाजासरशी आम्ही पन्नास वर्षे मागे गेलो.

आमच्या आजोबांच्या एक आत्या होत्या. सारे घर त्यांना ताईआजी म्हणे. बाळपणीच वैधव्य आलेले. अंगावर आलवण, डोईवर पदर. आम्ही पाच वर्षांचे असू. एके सकाळी परसात डोकावलो, तर ताईआजी भिंतीकडे तोंड करून पाटावर बसलेल्या, आणि मागे न्हावी पट्ट्यावर वस्तरा फिरवीत होता. नुकतीच थोरल्या भावाची मुंज झाली होती. आम्ही मोठ्याने विचारले, "ताईआजी, तुमची पण मुंज आहे का?" ओसरीवरची मंडळी खो खो हसली. ताईआजी हसल्या नाहीत. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

मोठेपणी आम्ही वाचले की १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. वर्गात हा प्रसंग आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत आलो. पण त्यानंतर ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनीही आमच्या परसात तो पाट मांडला जात होता, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नाही. घरात म्हणत, "ताईआजींचाच हट्ट, त्यांना सोवळ्यात चालत नाही." आम्हीही तेच मानून घेतले होते.

त्या दिवशी धीर करून मामांना विचारले. ते बराच वेळ पात्याकडे पाहत राहिले.

"गुरुजी, तो माझा बाप. पाण्याची वाटी मीच धरायचो. ते काम करून आला की बाप त्या दिवशी जेवत नव्हता. एकदा त्यानं तुमच्या आजोबांना हात जोडले. म्हणाला, मालक, आता पुरे करा, म्हातारीचं वय झालं. आजोबा म्हणाले, तू तुझं काम कर."

"आणि ताईआजी?" आम्ही विचारले.

"त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं."

आजोबा आमचे दैवत. आमच्या हाती पहिले पुस्तक त्यांनीच दिले. त्यांच्या बचावासाठी मनात किती तरी वाक्ये जुळून आली. काळ तसा होता, रूढी तशी होती. पण मामांच्या बापाचाही काळ तोच होता. ज्याला आम्ही अडाणी समजत आलो, त्याने हात जोडले. आणि ज्यांना विद्वान म्हणून मिरविले, त्यांनी ते झिडकारले. हात न्हाव्याचा होता, हुकूम आमच्या घरचा होता. आणि हसणाऱ्या त्या ओसरीवर आमचाही आवाज होता.

उठताना मामांनी वस्तरा मिटून आमच्या हातात दिला. "तेल लावत जा गुरुजी. पुसून ठेवलं नाही तर परत गंज धरतो."

घरी आल्यावर सौभाग्यवतीस सारे सांगितले. तिने नेहमीसारखी थट्टा केली नाही. थोड्या वेळाने एवढेच विचारले, "त्यांचे नाव काय होते हो?"

आम्हाला ठाऊक नव्हते. घरातल्या वंशावळीत आठ पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. भिंतीवरच्या तसबिरींतही ताईआजी नाहीत. मग तीन नातलगांना फोन झाले. अखेर नांदेडच्या एका वृद्ध चुलतबहिणीस आठवले.

त्या रात्री आम्ही वंशावळीचा कागद काढला आणि आजोबांच्या वडिलांच्या नावाशेजारी एक नवी रेघ ओढून तिच्यापुढे लिहिले : यमुना.