दीड मीटर

पुण्यातला प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, कर्वे रस्त्याची आतली बाजू, इथल्या गल्ल्यांची कड आता सरळ राहिलेली नाही. एक कुंपण पुढे, शेजारचे चांगले पाच फूट मागे, मग पुन्हा दोन पुढे. दुधाचे दात पडू लागलेल्या पोराच्या तोंडासारखी गल्ली दिसते. नवी इमारत झाली तिथे भिंत मागे सरली; जुनी उभी आहे तिथे ती जागची हललेली नाही. मोटारीत बसलेल्याच्या हे लक्षातही येत नाही. सायकलवाल्याच्या येते, कारण त्याचा सगळा संसार कडेशी. कड आतबाहेर करू लागली की त्यालाही आतबाहेर करावे लागते. मागे सरलेल्या भिंतीपुढे जी खाच तयार होते तिथे कुणाची तरी मोटार लावलेली असतेच. तिला वळसा घालायला सायकल रस्त्याच्या मध्यावर आली की मागून हॉर्न वाजतो, आणि वाजवणाऱ्याचे म्हणणेही त्याच्या जागी खरेच असते: हा मध्येच कुठून आला?

खाच आली ती साध्या बेरजेतून. या भागातल्या कितीतरी गल्ल्या सहा मीटरच्या. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेपोटी मिळालेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नव्हता. टीडीआर नाही म्हणून वाढीव मजले नाहीत, आणि वाढीव मजले नाहीत म्हणून बिल्डर फिरकत नाही. २०२० साली महापालिकेत सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला. सहाचे नऊ करायचे तर दोन्ही अंगांनी दीड दीड मीटर. त्यावर रहिवाशांनी हरकती घेतल्या. झाडांचे काय, रहदारीचे काय, असे विचारले. ज्यांच्या इमारतीच्या तुळयांतले गज बाहेर डोकावू लागले होते त्यांनी विचारले, मग आमचे काय? दोन्ही प्रश्न रास्त होते, आणि पुष्कळदा ते एकाच घरातल्या दोन माणसांचे होते.

पुढे प्रस्ताव, हरकती आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेली राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, हे सगळे आपापल्या चालीने चालत राहिले. गल्लीला त्यातले एवढेच कळले की रुंदी एका दिवसात येणार नाही, ती इमारती-इमारतीने येईल. ज्या सोसायटीचा करार झाला तिची भिंत मागे जाणार. शेजारच्यांचे बिल्डरशी फाटले असेल, तर त्यांची भिंत अजून दहा वर्षे तिथेच. तोवर सोडलेली ती दीड मीटरची पट्टी कुणाची? नकाशात रस्त्याची. प्रत्यक्षात, जो आधी गाडी लावेल त्याची. पार्किंगच्या पी-एक, पी-दोनच्या पाट्या आहेत, सम-विषम तारखा आहेत. पण खाचेला तारीख नसते.

दीड मीटर हा आकडा मला आणखी एका ठिकाणी भेटलेला आहे. जर्मनीत २०२० सालापासून नियमातच लिहिले आहे की शहरात सायकलला ओलांडून जाताना मोटारीने निदान दीड मीटर अंतर ठेवावे. स्पेनमध्येही तेवढेच. सायकल सरळ रेघेत चालत नाही, ती जरा डुलत चालते, खड्डा चुकवते, वाऱ्याने ढकलली जाते, हे तिथल्या कायद्याने गृहीत धरले आहे. आपल्या सहा मीटरच्या गल्लीत दोन्ही कडांना गाड्या उभ्या, मधून पाण्याचा टँकर येतोय, अशा वेळी दीड मीटर मागणे म्हणजे लोकांना विनोद वाटेल. पण योगायोग बघा, इमारतीकडून रस्त्यासाठी मागून घेतलेले अंतर आणि सायकलला जगायला लागणारे अंतर एकाच मापाचे आहे. दिले एकाने, हवे दुसऱ्याला, आणि मधल्या मध्ये ते उभ्या गाडीने खाल्ले.

या शहरात घर आणि वाहन जोडीनेच बदलत आले आहेत. पेठांतल्या वाड्यात सायकल दिंडी दरवाज्यातून आत यायची. उंबऱ्याशी पुढचे चाक उचलायचे, मग मागचे, आणि चौकातल्या भिंतीला टेकवायची. वाड्यात बारा बिऱ्हाडे असली तरी सायकली चार-पाच, आणि त्यांतली एखादी ‘जरा मंडईत जाऊन येतो’ म्हणून कुणीही न्यावी अशी. मालकीची नसेल तर तासावर भाड्याने मिळे. सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, आणि रात्री दिवा नसला तर कोपऱ्यावरचा पोलिस चाकातली हवा सोडे. हुजूरपागेच्या मुली सायकलवर, प्राध्यापक धोतराला क्लिप लावून सायकलवर, पोस्टमन, दूधवाला, कॉलेजकुमार सगळे सायकलवर. मोठ्या साहेबाच्या आणि शिपायाच्या सायकलींत फरक एवढाच की साहेबाच्या सायकलला चेनकव्हर असे.

मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले, आणि पुणे नदीपासून लांब, माळांवर आणि टेकड्यांच्या पायथ्याशी पसरू लागले. घर लांब गेले, तरी बराच काळ सायकल पुरली. १९७२ साली लुना आली. चेतक स्कूटरही त्याच साली आली, पण तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे. लुनेने मात्र सायकलवाल्या माणसाला फार न बदलता इंजिन दिले. तिला पायडलही होते! त्याच सुमारास एरंडवण्यातले बंगले पाडून तीन मजली अपार्टमेंट उठू लागली. लिफ्ट नाही, पुढे-मागे फरशीचा बोळ, जिन्याखाली मीटरची पेटी आणि तिच्या शेजारी सायकली. त्या इमारती बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लुना होती, मोटार नव्हती. मोटार बिल्डिंगमध्ये एखाद्या डॉक्टरांकडे.

आज पडताहेत त्या याच इमारती. आणि त्या पडायलाच हव्या होत्या, हे आधी कबूल करू. गुडघे गेलेली बाई तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणजे वर्षातून दोनदा खाली उतरणे, तेही दवाखान्यात जाण्यासाठी. गच्ची गळते, स्लॅबचा गिलावा जेवणाच्या टेबलावर पडतो. वाड्याच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या माणसाला सामाईक संडासाच्या रांगेत पुन्हा उभे राहशील का असे विचारावे, म्हणजे गहिवर ओसरतो. नव्या इमारतीत ऊन येते, लिफ्ट येते, म्हातारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या पायांनी खाली येऊन बसू शकतो. हे थोडे नाही.

तक्रार वेगळीच आहे. सायकल रस्त्यावरून हटली ती नंतर. आधी ती जिन्याखालून हटली.

इमारत रिकामी करायचे दिवस येतात तेव्हा हे स्वच्छ दिसते. बिल्डरकडून भाड्याचे धनादेश आलेले असतात, टेम्पो ठरलेले असतात, आणि जिन्याखालचा तो कोपरा शेवटी उपसला जातो. एकावर एक कलंडलेल्या सायकली बाहेर निघतात. हर्क्युलिस, रॅले, ॲटलास, एखादी लेडीज बीएसए, एक तीनचाकी. कुणाची कोणती हे आठवायला दहा मिनिटे लागतात. ‘ही बाबांची’ असे म्हणून एकजण हँडलवर हात ठेवतो, डायनामो चाकाला लावून बघतो, अंगठ्याने घंटी वाजवून बघतो; घंटीच्या आत गंज धरलेला असतो, ती खडखडते. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. जुन्या सायकलींचे लोखंड खरे जड, त्यामुळे भाव बरा येतो. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तो दिवस जागतिक सायकल दिन होता, ही बातमी तेव्हा कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती आणि खाली चार हात जोडलेले आले होते. ज्यांना सायकली प्रेमाने जपलेल्या पाहायच्या असतील त्यांनी कर्वेनगरला सहवास सोसायटीतले विक्रम पेंडसे यांचे संग्रहालय गाठावे. युद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली, घडी घालता येणारी बीएसए तिथे आहे. पण सायकली बघायला तिकडे जाताना रस्त्यावर सायकल चालवायची हिंमत होत नाही, हेही खरे.

मग गल्लीत पत्रे लागतात. हिरवी जाळी चढते. ब्रेकर सुरू होतो, राडारोड्याचे डंपर, नंतर काँक्रीटचे मिक्सर. सहा मीटरच्या गल्लीत मिक्सर पाठीमागे येऊ लागला की त्याच्या पिपाणीवरून कळते. सायकलवाल्याने उतरून कुणाच्या तरी फाटकात शिरायचे आणि तो जाईपर्यंत हँडल धरून उभे राहायचे. चाकांबरोबर रस्त्यावर आलेली बारीक वाळू सायकलच्या टायरला सर्वांत वाईट. पावसाळ्यात तिचा चिखल होतो. एका गल्लीत एका वेळी अशी तीन-चार कामे चालू असतात, आणि एक संपते तेव्हा दुसरे सुरू झालेले असते. या काळात ज्याने सायकल सोडली तो पुन्हा तिच्याकडे वळलेला मी सहसा पाहिलेला नाही. पोरांच्या बाबतीत तर शिकायचे वयच निघून जाते.

इमारत पुरी होते. बारा बिऱ्हाडांच्या जागी चाळीस, प्रत्येकाला निदान एक मोटार, मोठ्या फ्लॅटला दोन. तळघरात, पोडियमवर, एकावर एक उचलणाऱ्या यंत्रांत गाड्यांची सोय अशी चोख की माणसाला हेवा वाटावा. मात्र या सगळ्या गाड्या सकाळी नऊच्या सुमारास त्याच गल्लीत उतरतात. इमारत कितीतरी मजले वाढली, गल्ली दीड मीटर, तीही खाचा-खाचांनी. २०१८ च्या सुमारास पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली होती. तिच्यावर लोक हसले आणि कामाला लागले.

नव्या इमारतीत सायकली नाहीत असे मात्र नाही. उलट, एकेक लाखाची आहे. ती खाली ठेवत नाहीत. लिफ्टमधून वर जाते आणि बाल्कनीत भिंतीवर टांगली जाते. रविवारी पहाटे साडेपाचला हेल्मेट, घट्ट कपडे, मागे लाल लुकलुक दिवा, अशी मंडळी खडकवासल्याकडे निघतात. त्यांच्याविषयी कुचकटपणाने बोलायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. बोरघाट चढून जाणाऱ्या मुंबई-पुणे शर्यतीला आणि तिच्यातल्या ‘घाटाचा राजा’ला टाळ्या वाजवत आलेले हे शहर आहे, सायकल दामटण्यातली मजा आपल्याला परकी नाही. पण हीच माणसे सोमवारी मोटारीने कचेरीत जातात, आणि ती शहाणी आहेत म्हणूनच जातात.

रोज सायकलने येणारा माणूस त्याच इमारतीच्या फाटकावर बसलेला असतो. वॉचमन. वारज्याहून किंवा जनता वसाहतीतून, कॅरिअरला डबा, दांड्याला रेनकोट गुंडाळलेला. त्याची सायकल आत येत नाही. ‘दिसायला बरं नाही’ असे कुणीतरी कमिटीत म्हटलेले असते. ती बाहेर, खाचेतल्या झाडाला साखळीने बांधलेली असते. पेपरवाल्या पोराची दोन मिनिटे तिच्या शेजारी टेकते.

यावर उपाय झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गांच्या, काळात सातारा रस्त्याला, गणेशखिंड रस्त्याला सायकल मार्ग झाले: पेव्हर ब्लॉकचे, मध्येच डीपीच्या पेटीला धडकणारे, पुढे चहाच्या टपरीत विलीन होणारे. २०१७ साली आठशे किलोमीटरांहून अधिक मार्गांचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षाच्या शेवटी भाड्याच्या सायकली आल्या, पिवळ्या, नारिंगी. मोबाइलने कुलूप उघडायचे. काही महिने शहर एकदम तरुण दिसले. मग त्या सायकली नाल्यात, टेकडीवर, कुणाच्या पार्किंगमध्ये खासगी कुलूप लावलेल्या सापडू लागल्या आणि एके दिवशी सगळ्याच गेल्या. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले ते मात्र टिकले, तिथे संध्याकाळी खरेच माणसे बसतात. म्हणजे जमत नाही असे नव्हे.

पण हे सारे मोठ्या रस्त्यांचे. सायकलची पहिली आणि शेवटची पाचशे पावले गल्लीतली असतात, आणि गल्लीचा निकाल आता पालिकेत लागत नाही, सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत लागतो. तिथे कार्पेट एरिया किती टक्के वाढीव, कॉर्पस किती, भाडे किती महिन्यांचे आगाऊ, मॉड्युलर किचनला कोणता ग्रॅनाइट, यावर रात्री अकरापर्यंत खल चालतो. त्यात चूक काही नाही. आयुष्यात एकदाच होणारा सौदा आहे. मात्र फाटक कुठे, रॅम्प कुठे, मागे सरलेल्या पट्टीत झाड ठेवायचे की गाडी, हे प्रश्न नकाशावर मुकाट्याने सुटून जातात.

अशाच एका सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. शाळेत शिकवत असताना त्या निवृत्तीपर्यंत सायकलने जायच्या.

“सायकली कुठे ठेवायच्या?”

आर्किटेक्टने पडद्यावर तळघर मोठे करून दाखवले. “तरतूद आहे ना काकू. हे बघा, पंपरूमच्या मागे.”

“तिथवर न्यायची कशी?”

“रॅम्पवरून.”

“रॅम्पवरून गाड्या येणार ना? आणि चढ केवढा आहे हा.”

“अहो, हल्लीच्या सायकली फार हलक्या असतात. उचलून नेता येतात.”

“मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.”

सभेत हशा झाला, काकूही हसल्या. अध्यक्षांनी मुद्दा टिपून घ्यायला सांगितला. मागून कुणीतरी विचारले की पंपरूमच्या मागची ती जागा सायकलींना लागणार नसेल, तर तिथे पाहुण्यांची एक मोटार बसेल का. आर्किटेक्टने लगेच मोजून पाहिले. दीड मीटर कमी पडत होते.