बुटांतले मासे

नायक तावातावाने उठून उभा राहतो आणि त्याच्या गोलगरगरीत केसांवर वरून आवाज टिपणारा माइक लोंबकळताना दिसतो. त्याची नजर क्षणभर वर जाते, अवघडते. संवाद मात्र थांबत नाही. २००९च्या ‘ब्लॅक डायनामाइट’मधला हा प्रसंग. त्याच पिच्चरमध्ये एक नट संहितेतली सूचनासुद्धा संवाद समजून म्हणून टाकतो. ‘उपरोधाने’ असं आधी बोलतो आणि मग वाक्य सुरू करतो. उमरखेडच्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. गावातल्या गणपतीत ज्याने नाटक पाहिलं आहे, त्याने विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकलेला असतो. ‘रडत रडत आत जातो’ हे छाती काढून म्हणणारा राजाही त्याच्या ओळखीचा असतो. लोक हसून बेजार होतात आणि दुसऱ्या रात्री जागा धरायला सतरंजी घेऊन पुन्हा हजर.

ज्या पिच्चरांची ही टर उडवली आहे, ते अमेरिकेत १९७१च्या सुमारास आले. मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी ‘स्वीट स्वीटबॅक’ काढला, गॉर्डन पार्क्स यांनी ‘शाफ्ट’. मागोमाग ‘सुपर फ्लाय’ आला, पॅम ग्रिअरचे ‘कॉफी’ आणि ‘फॉक्सी ब्राउन’ आले. तोवर पडद्यावरचा काळा माणूस बहुतेक वेळा नोकर, हमाल नाहीतर आचारी. आता तोच लांब कोट घालून भररस्त्यातून चालू लागला, गोऱ्या गुंडांना लोळवू लागला. आयझॅक हेजच्या ‘शाफ्ट’मधल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. थिएटरात शिट्ट्या पडत होत्या. तिकडे काळ्यांच्याच हक्कांसाठी झगडणारे लोक संतापले होते. आमच्या पोरांपुढे आदर्श कुणाचा, तर गर्द विकणाऱ्याचा आणि बायांच्या दलालाचा? शिवाय यातल्या बऱ्याच पिच्चरांचा गल्ला गोऱ्यांच्याच तिजोरीत जात होता.

एकाच गोष्टीने छाती फुगते आणि मानही खाली जाते, तेव्हा माणसाने करायचं काय? टीकाकार मान खाली घालून बसतो, चाहता छाती फुगवून फिरतो. दोन्ही एकाच वेळी जमतं ते नकला करणाऱ्याला.

१९८८मध्ये कीनन आयव्हरी वेयन्स याने ‘आय अॅम गोना गिट यू सका’ काढला. त्यात जुन्या जमान्यातला एक दलाल तुरुंगातून सुटतो. अंगावर तेव्हाचाच झगमगाट, आणि पायांत उंच टाचांचे बूट. टाचा पारदर्शक, त्यांत पाणी, आणि पाण्यात जिवंत सोनेरी मासे! एके काळी या थाटावर वस्ती जीव टाकत होती. आता रस्त्यावरचे लोक खिदळतात. तो मात्र ऐटीतच निघालेला असतो. हे काम करणारा अँटोनियो फार्गस ‘फॉक्सी ब्राउन’मध्येही होता. स्वतः आयझॅक हेज आणि त्या काळचा दणकट नायक जिम ब्राउनही या टवाळीत सामील आहेत. आपल्याच तारुण्यावर हसायला ही माणसं आपल्या पायांनी आली. म्हणून ते हसू बोचत नाही. बाहेरच्या कुणी हेच केलं असतं, तर ते हिणवणं झालं असतं.

आपल्याकडे अशी आपुलकीची नक्कल मालेगावात घडली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमागांच्या त्या गावात ‘मालेगाव के शोले’ काढला आणि डाकूंना घोड्यांऐवजी सायकलींवर बसवलं. पुढे त्यांनी मालेगावचा सुपरमॅन उडवला, तो शफीक नावाचा मागावर राबणारा किडकिडीत तरुण. ही खटपट फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात दिसते: कॅमेरा उंच न्यायला क्रेन नाही, तर बैलगाडीच सही. शफीकच्या अंगावर तो निळा-लाल पोशाख ढगळ होतो. पण तो हात पुढे करून हवेत आडवा होतो, तेव्हा हसता हसता आपणच पुटपुटतो, ‘उड रे लेका!’ अमेरिकेचा तो बलदंड देव इथल्या फासळ्यांवर बेतला गेला, एवढंच.

उमरखेड पैनगंगेच्या काठाने वसलेल्या मुलखातलं, अर्धं वऱ्हाडाच्या तोंडाने बोलणारं, अर्धं मराठवाड्याच्या. इथं नावं ठेवण्याची कला पोळ्याला बहरते. तोरणाखाली बैल उभे राहतात, आणि झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी कवनं, सुरू होतात. पहिला मान महादेव-पार्वतीचा. मग सावकार, पुढारी, कापसाचा भाव, शेजारचा कंजूष. प्रत्येक झडतीमागून ‘हर हर महादेव’चा गजर. ज्याच्यावर झडती म्हटली, तोही बैलाचा कासरा धरून त्याच गर्दीत उभा असतो, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. बहुतेक जण फेटा सावरत हसतात. हेज आणि ब्राउन यांनीही दुसरं काय केलं? एखादा मात्र बैल ओढत रागाने निघून जातो. पुढच्या पोळ्याला त्या निघून जाण्यावर नवी झडती तयार असते.