एक जूनचे धावपटू

आपल्या जिल्ह्याला पळणं नवं नाही. नवरात्रात तुळजापूरहून ज्योत घेऊन निघालेली पोरं आपण दर वर्षी पाहतो. अंगात एकाच रंगाचे बनियन, सोबत टेम्पो, टेम्पोवर भोंगा, आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात ज्योत गावापर्यंत पोचते. कोजागरीच्या सुमाराला सोलापूरकडून पायी येणाऱ्यांनी रस्ता भरून जातो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालून आलेली साठीची बाई कडेला पाय चोळत बसलेली असते, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पण याच रस्त्यावर ना नवरात्र, ना नवस, आणि एक साठीचा माणूस पहाटे एकटा पळताना दिसला की मोटरसायकली थांबतात. "काय झालं चाचा? दवाखान्यात कोण आहे?"

हे चाचा म्हणजे आमचे अब्बा.

आम्ही दोघे नवराबायको, दोघेही बी.एड., दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. अब्बा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. घरात दोघांचेही अब्बाच. एसटीत चालक होते. जिल्ह्यातला प्रत्येक चढ, प्रत्येक वळण त्यांनी स्टिअरिंगच्या मागे बसून पाठ केलेलं. २०२३ च्या ३१ मेला निवृत्त झाले. तेव्हा रक्तातल्या साखरेवर गोळी सुरू होतीच. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अब्बा चालू लागले. चार-सहा महिन्यांनी चालण्यात मधेच दोन-दोन मिनिटं पळणं मिसळू लागलं, आणि दीड वर्षात त्याचं रविवारचं लांबचं पळणं झालं.

मोहल्ल्यात याची बातमी व्हायला वेळ लागला नाही. फज्रच्या नमाजनंतर मशिदीबाहेर बूट बांधणाऱ्या अब्बांना त्यांचे जुने दोस्त विचारायचे, "मियाँ, कुत्ता पीछे लग्या क्या?" अब्बा हसून निघायचे. आपल्याकडे निवृत्त माणसाची जागा ठरलेली असते. ओट्यावर खुर्ची, हातात तसबीह, शेजारी चहाचा कप, आणि आल्यागेल्याला सलाम. त्यात वाईट काही नाही. पण ती खुर्ची माणसाला लवकर सोडत नाही, हेही खरंच.

लांब पळण्याची रीत आम्हाला अब्बांच्या निमित्ताने समजली, आणि ती समजून घेताना आमचं बी.एड. कामाला आलं. अध्यापनाची सूत्रं आम्ही घोकली होती : सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. पळण्याचं शास्त्र याहून फार वेगळं काही सांगत नाही. आठवड्यातून एकच दिवस लांब पळायचं. मागच्या अंतरात थोडीशीच भर घालायची. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं, म्हणजे शरीराला झालेला अभ्यास मुरवायला वेळ मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हळू पळायचं. इतकं हळू, की पळता पळता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली म्हणजे वेग जास्त झाला. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकी धावपटू १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळाला होता. त्याने पुढे सामान्य लोकांना शिकवताना पळण्याच्या मधे ठरवून चालणं घातलं. दमल्यावर चालायचं नाही, दमण्याच्या आधी चालायचं. अब्बांना हे लगेच पटलं. "इंजन गरम होनेके पहले गाडी खडी करना," ते म्हणाले.

रविवारी पहाटे आम्ही दोघे स्कूटीवर त्यांच्या मागे असतो. एक जण गाडी चालवतं, दुसरं मागे बसून पाण्याची बाटली, मीठ-साखरेचं पाणी आणि गुळाचा डबा सांभाळतं. मुलं अम्मींजवळ झोपलेली असतात. रस्ता तुळजापूरचा. जाऊन तिथूनच परत फिरायचं, म्हणजे सगळा अभ्यास ज्ञात रस्त्यावरच. बोलता येतं की नाही हे पाहायला अब्बांनी स्वतःची तऱ्हा शोधली होती. पळता पळता ते उमरग्याच्या गाडीचे थांबे म्हणायचे. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा. मग उलटे. थांबे एका दमात नीट आले की वेग बरोबर.

आम्ही त्यांना एका म्हाताऱ्या धावपटूची गोष्ट वाचून दाखवली होती. एड व्हिटलॉक. जन्म १९३१ चा, लंडनचा, पण आयुष्य गेलं कॅनडात. पेशाने खाणकाम अभियंता. ना प्रशिक्षक, ना कसला थाट. घराजवळच्या कब्रस्तानात तो फेऱ्या मारायचा. एक फेरी जेमतेम अर्ध्या किलोमीटरची. अशा फेऱ्या कधी दोन तास, कधी तीन तास, अगदी हळू. २००३ साली वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्याने ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत पुरी केली. सत्तरीनंतर तीन तासांच्या आत येणारा तो पहिला माणूस. पुढच्या वर्षी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद. २०१६ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी तो चार तासांच्या आत आला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये गेला. त्या रोजच्या फेऱ्यांत मजा असते असं तो कधी म्हणाला नाही. ते कष्टाचं, कंटाळवाणं काम आहे, असंच सांगायचा. कब्रस्तानाचं ऐकून अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जाना तो उधरीच है. आदमी होशियार था, रस्ता देखके रखा."

दुसरी गोष्ट फौजा सिंग यांची. पंजाबातल्या जालंधरजवळच्या खेड्यात जन्म, म्हातारपणी लंडनला मुलाकडे. २००० साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, ते पहिली मॅरेथॉन पळाले. २०११ मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी पळाले, पण गिनीजच्या पुस्तकात तो विक्रम नोंदला गेला नाही, कारण १९११ चा जन्मदाखला त्यांच्याकडे नव्हता.

हे वाचताना आमच्या घरात हशा पिकला. दाखल्याचं दुखणं आमच्या घरचंच आहे. अब्बांची कागदावरची जन्मतारीख १ जून १९६५. आपल्याकडे अर्ध्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो हे वाचकांना सांगायला नको. पोराला शाळेत घालायला बाप आला, तारीख सांगता आली नाही, की गुरुजी दाखलखारीज रजिस्टरमध्ये एक जून लिहून मोकळे. दर ३१ मेला कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची झुंबड उडते ती त्यामुळेच. आमची दादी मात्र सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची तेव्हा हा पोरगा दहा वर्षांचा होता आणि पाण्याची घागर घेऊन मागे यायचा. म्हणजे कागदावर साठ, दादीच्या हिशेबाने त्रेसष्ट.

शर्यतीच्या फॉर्मवर वयोगटाचा रकाना असतो. तिथे कागदच चालतो. शरीर मात्र दाखलखारीज रजिस्टर वाचत नाही. वयाबरोबर स्नायू कमी होत जातात, हृदयाचे ठोके पूर्वीइतके वर चढत नाहीत, आणि झीज भरून यायला जास्त दिवस लागतात. तिशीतल्या आम्हाला पळल्यानंतर एक दिवस विश्रांती पुरेल, अब्बांना दोन लागतात. हा हिशेब ते काटेकोर पाळतात. सोमवार-मंगळवार बूट कोनाड्यातच. त्यांच्या मते गाडी रस्त्यावर जितकी चालते, तितकीच वर्कशॉपमध्येही राहिली पाहिजे.

२०२५ च्या जानेवारीतला एक रविवार आम्ही विसरणार नाही. चौदावा किलोमीटर. थंडी इतकी की आम्ही स्कूटीवर कुडकुडत होतो. अब्बा थांबे म्हणत होते. तुळजापूर, जळकोट, नळदुर्ग… तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस नळदुर्गच्या आधी जळकोट म्हणाला, तेव्हा आम्ही गाडी आडवी घातली. त्यांना मैलाच्या दगडावर बसवलं. कपाळाला हात लावला तर गार घाम. विचारलं त्याला उत्तर भलतंच. साखर उतरली होती. तीन चमचे साखर थोड्या पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी क्यूँ रोके?"

त्या दिवशी घरात मोठा वाद झाला. अम्मी म्हणाल्या, बस झालं. रस्त्यात एकटे असते तर? अब्बा काही बोलले नाहीत, आणि आम्हालाही अम्मींचं म्हणणं खोडता येईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पळणं बंद केलं नाही. गोळीची वेळ आणि मात्रा बदलली, पळण्याआधी बोटातून रक्त काढून साखर बघायला सांगितली, पळताना मधे मधे थोडं खायला सांगितलं. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या कुणी हा लेख वाचून उद्या पळायला निघू नये म्हणून हे इतकं सविस्तर लिहितो आहोत. प्रत्येकाची गोळी वेगळी, आणि तिचा हिशेब डॉक्टरांनीच करायचा. मार्चमध्ये रमजान आला तेव्हा त्यांच्याच सल्ल्याने लांबचं पळणं महिनाभर बंद राहिलं. तरावीहनंतर अब्बा फक्त शांतपणे चालून यायचे.

अम्मींनी मात्र आपल्या अटी घातल्या. एकटं जायचं नाही. खिशात नाव, गोळ्यांची नावं आणि आमचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि रोज रात्री पाय दाखवायचे. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते, बुटाने फोड आला तरी कळत नाही, आणि त्या फोडाची जखम चिघळू शकते. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अम्मी नीट ऐकत होत्या. आता रात्री जेवणं झाली की अब्बा पलंगावर पाय सोडून बसतात. अम्मी चष्मा लावून, हातात बॅटरी घेऊन एकेका बोटाच्या बेचक्यात बघतात. आमच्या घरात यापूर्वी असं दृश्य कधी दिसलं नव्हतं. पहिल्या दिवशी अब्बा लाजले होते.

मग जुलै २०२५. फौजा सिंग आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडत असताना गाडीने त्यांना उडवलं. वय एकशे चौदा. बातमी अब्बांनीच आम्हाला वाचून दाखवली. गाड्यांची गोष्ट त्यांना कुणी शिकवायला नको. पहाटेच्या अंधारात चालकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पुढच्या रविवारी ते तुळजापूर रस्त्याकडे वळलेच नाहीत. शहरातल्या मैदानावर गेले. तिथली फेरी चारशे मीटरची धरली तर अर्ध्या मॅरेथॉनला, म्हणजे एकवीस किलोमीटरला, त्रेपन्न फेऱ्या लागतात. थांबे संपले, वळणं संपली. उरल्या फक्त फेऱ्या, व्हिटलॉकसारख्या. मोजायला अम्मींनी चिंचोके दिले. एका खिशात भरायचे, फेरी झाली की एक दुसऱ्या खिशात टाकायचा.

मैदानावर जायचं म्हटल्यावर अम्मीही आमच्याबरोबर येऊ लागल्या. कडेच्या पायरीवर बसून राहायच्या. आम्ही त्यांना बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये पळालेल्या लता करेंबद्दल सांगितलं. साठी ओलांडलेली, मजुरी करणारी बाई. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून नऊवारीत, अनवाणी पळाली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. २०२० साली तिच्यावर चित्रपट निघाला, त्यात तिचं काम तिनेच केलं. अम्मींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उसकू कारन था. मेरेकू क्या कारन है?"

हा प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. ज्योत हातात असली की पळायला परवानगी. नवस असला की चालायला परवानगी. नवरा आजारी, पोरं उपाशी असली तर बाईलाही पळायला परवानगी, वर टाळ्याही. पण काहीच कारण नसताना, फक्त आपलं शरीर आपल्याजवळ आहे आणि अजून चालतं आहे म्हणून कुणी साठीनंतर मैदानावर उतरलं, तर लोक दवाखान्याची चौकशी करतात. अब्बांना आम्ही कितीदा विचारलं, की आता साखर तर आटोक्यात आहे, मग इतकं लांब कशाला? ते कारण सांगत नाहीत. शर्यतीचा फॉर्मही अजून भरलेला नाही. तो कपाटात पडून आहे, जन्मतारखेचा रकाना कोरा. शाळेत खेळाच्या तासाला मुली मैदानाच्या कडेला घोळका करून उभ्या राहतात, तेव्हा आम्ही त्यांना आता एवढंच सांगतो, की खेळायला कारण लागत नाही. त्या ऐकतात. काही जणी खेळायला उतरतातही.

या रविवारी अब्बांचे अठरा किलोमीटर आहेत. म्हणजे पंचेचाळीस फेऱ्या. काल रात्री पाय बघून झाल्यावर अम्मींनी चिंचोक्यांची पुरचुंडी बांधून ठेवली. आम्ही मोजली तर बावन्न भरले. सात जास्त झाले, असं आम्ही म्हणालो. अम्मींनी बॅटरी बंद केली आणि म्हणाल्या, "गिनके रखी हूँ. बराबर हैं."