पायांनी शिकवलेले

तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘पुढे काय?’ हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा प्राध्यापकांनीही वर्षभरात प्रश्न विचारले नसतील! माझ्या वाट्याला त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न येतो. ‘दहा वर्षे भरतनाट्यम शिकलीस. आता नृत्यांगना होणार असशील?’ मी ‘नाही’ म्हणते. बी. ए. झाल्यावर बी. एड. करायचे आणि शाळेत इतिहास शिकवायचा असे ठरले आहे. घरच्यांना ते पसंत आहे, मलाही आहे. हे उत्तर ऐकले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हिशेब उमटू लागतो. दहा वर्षांची फी, घुंगरांचे जोड, शिवून घेतलेले पोशाख, आठवड्यातल्या तीन-तीन संध्याकाळी. आणि मग हळूच शब्द येतात, ‘मग कशाला गं केलास एवढा खटाटोप?’

प्रश्न रास्त आहे. विचारणारे बहुतेक आपलीच माणसे असतात आणि त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणाही नसतो. तेव्हा महाविद्यालय सोडण्यापूर्वी, या अंकाच्या निमित्ताने, त्याचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

भरतनाट्यमची सुरुवात अर्धे बसण्याने होते. या बैठकीला अरमंडी म्हणतात. टाचा जवळ, पावले बाहेर वळलेली, गुडघे पावलांच्याच दिशेने उघडलेले, पाठ ताठ आणि खांदे सरळ. कमरेखाली मांड्या नुसत्या पेटलेल्या असतात आणि कमरेवरचे शरीर मात्र काही घडतच नाही असे शांत ठेवायचे असते! माझे पहिले वर्ष याच बैठकीत गेले. नृत्याच्या क्लासला जायचे म्हणजे रंगीत पोशाख, केसांत गजरा, पायांत घुंगरू असे चित्र मनात घेऊन अकरा वर्षांची मी गेले होते. तिथे मिळाली एक रिकामी खोली, सिमेंटची जमीन आणि बाईंच्या हातातली लाकडी दांडकी. त्या दांडकीने लाकडी ठोकळ्यावर ठेका पडायचा, ‘तै या तै’ आणि आम्ही पाय आपटायचो. या पहिल्या धड्याचे नावच मुळी ‘तट्ट अडवू’. अडवू म्हणजे नृत्याचे मूळ पाऊल आणि तट्ट म्हणजे ठोकणे. पाय, हात, नजर यांची अशी मूळ पावले एकेक करून बसवायची आणि मग त्यांतून नृत्य उभे राहायचे. बाराखडीवरून वाक्यापर्यंत जावे तसे.

प्रत्येक अडवू तीन काळांत करावा लागतो. पहिला काळ संथ, दुसरा त्याच्या दुप्पट आणि तिसरा त्याच्याही दुप्पट. नव्या माणसाला वाटते, तिसरा काळ सर्वांत अवघड असणार. प्रत्यक्षात जीव जातो तो पहिल्या काळात. जलद लयीत घुंगरांचा आवाज, हातांची फिरत आणि अंगातला वेग पुष्कळ काही झाकून नेतात. पहिल्या काळात झाकायला जागा नसते. उचललेला पाय कुठे आहे, गुडघा किती सैल पडला, नजर हातापाठोपाठ गेली की भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, हे सारे बघणाऱ्याला दिसते. त्याहून वाईट म्हणजे ते आपल्यालाही कळते! संथपणाची भीती जाण्याला मला तीन वर्षे लागली. आज एखादे जाड पुस्तक समोर आले आणि पहिली वीस पाने काही कळले नाहीत, तरी मी ते मिटून ठेवत नाही. ही सवय मला कुठल्या वर्गात लागली ते माझे मला ठाऊक आहे.

मागच्या वर्षी मैत्रिणीच्या मोबाइलवर बॅले शिकणाऱ्या मुलींचा सराव पाहायला मिळाला. भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला एका हाताने धरून त्या मुली पावले बाहेर वळवून गुडघ्यांत वाकत होत्या आणि पुन्हा उठत होत्या. याला त्यांच्याकडे प्लिए म्हणतात. मोठमोठ्या रंगमंचावर नाचणारी नर्तिकासुद्धा रोजच्या सरावाची सुरुवात याच वाकण्याने करते. पाहता पाहता मी उठून बसले. ही तर आमचीच अरमंडी! फरक एवढाच, की बॅलेची नर्तिका खाली वाकते ती वर जाण्यासाठी. पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून ती जमिनीशी नाते सोडू पाहते. आम्ही मात्र खाली जातो आणि तिथेच राहतो. आमचे नृत्य जमिनीशी बोलते.

या दोन नृत्यांची खरोखरीची भेट एकदा झालेली आहे. रशियन नर्तिका अॅना पावलोवा भारतात आली तेव्हा तिच्या नृत्याने मद्रासच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल भारावून गेल्या आणि पावलोवाच्या संचातील क्लिओ नॉर्डी हिच्याकडे बॅलेचे धडे घेऊ लागल्या. आपल्या देशातील नृत्याकडे वळ, असे त्यांना सुचवले ते खुद्द पावलोवानेच. पुढे त्या पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या, १९३५ साली लोकांसमोर नाचल्या आणि १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था स्थापन केली. त्या काळी एका ब्राह्मण घरातील स्त्रीने हे नृत्य करणे ही साधी गोष्ट नव्हती. कारण तोवर ते देवळांतील आणि दरबारांतील देवदासींचे नृत्य होते. ज्या स्त्रियांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्याच वाट्याला समाजाची अवहेलना आली होती.

हा इतिहास मी पुस्तकात वाचला तो फार उशिरा. त्याची छाया मात्र आमच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवसापासून होती. आजीला माझे नाचणे पसंत नव्हते. ‘आपल्यात पोरी नाचत नाहीत गे,’ एवढेच ती म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची. मला वाटायचे, जुन्या काळचे माणूस, आणखी काय! पुढे एकदा पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, ती आपण होऊन बोलली. तिच्या लहानपणी तिच्या गावातली एक मुलगी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडली होती. दोघी एकत्र खेळलेल्या. नंतर तिच्याशी बोलायचे नाही असे घरातून सांगितले गेले. ‘ती नाचायची चांगली,’ आजी म्हणाली आणि गप्प झाली.

यल्लम्माच्या जोगतिणी आणि तमिळ देशातील देवळांत नाचणाऱ्या देवदासी यांच्या परंपरा एक नव्हेत, हे मला आज ठाऊक आहे. पण बायकांना देवाच्या नावाने बांधणारी दोरी दोन्हीकडे होती. मुंबई इलाख्यात याविरुद्ध १९३४ साली कायदा झाला आणि आपले बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. मद्रासमध्ये १९४७ साली झाला. कर्नाटकाला १९८२ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला, यावरून जुन्या कायद्याने काय साधले होते ते उघड आहे. त्या संध्याकाळनंतर मी घुंगरू बांधताना ते कपाळाला लावते, तेव्हा केवळ शिस्त म्हणून लावत नाही. जे मला छंद म्हणून मिळाले, त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली आहे. आजी माझ्या कार्यक्रमाला अद्याप एकदाही आलेली नाही. मीही आग्रह करत नाही. पण परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या पायांना तेल लावते ती तीच.

आता थोडे भाषेविषयी. आपल्या या अंकाची पाने उलटली की मराठी विभाग संपतो आणि कन्नड विभाग सुरू होतो. आपल्यापैकी कितीजण ते पान ओलांडून पलीकडे जातात, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. आपल्या गावात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतात. दोन्ही बाजूंना खरे दुःख आहे आणि ते मी इथे मोजू इच्छित नाही. मी फक्त आमच्या क्लासपुरते सांगते. आमच्या बाई कन्नड. आम्ही निम्म्या मुली मराठी, निम्म्या कन्नड. मला कन्नडमधले पहिले दोन शब्द आले ते ‘केळगे’ आणि ‘मत्तोम्मे’. खाली बस आणि पुन्हा एकदा! दहा वर्षांत हे दोन शब्द मी जितके ऐकले तितके माझे नावही ऐकले नसेल. पण खरी गंमत होती ती बोलांची. तीन मात्रांचे ‘तकिट’, चारांचे ‘तकधिमि’, पाचांचे ‘तकतकिट’, सातांचे ‘तकिटतकधिमि’. हे बोल कुठल्या भाषेतले? कुठल्याच नाहीत. म्हणून ते सगळ्यांचे. पाचांची जात म्हणताना सगळ्याच मुली सारख्या अडखळायच्या आणि तिथे कोण मराठी, कोण कन्नड हे ओळखू यायचे नाही.

मग इतिहासाच्या अभ्यासात तंजावर भेटले आणि मी चकितच झाले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्यांचे पुत्र शहाजीराजे तेलुगूत आणि मराठीतही नाटके लिहीत. पुढे सरफोजीराजांच्या दरबारी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा जो क्रम आजही प्रत्येक मुलगी रंगमंचावर पाळते, तो या चौघांनी लावून दिला. सरफोजीराजांच्या नावावर तर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. आणि या भावांपैकी थोरले चिन्नय्या पुढे म्हैसूर दरबारी गेले. म्हणजे पाहा, तमिळ गुरू, मराठी राजा, तेलुगू पदे आणि वाट म्हैसूरकडे गेलेली! हे नृत्य कुणाचे, या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी इतिहासाची विद्यार्थिनी असूनही धजणार नाही. मी शिकले ते बेळगावात, कन्नड बाईंकडून, एवढे मात्र ठामपणे सांगेन.

द्वितीय वर्षाला असताना माझा उजवा गुडघा दुखू लागला. सिमेंटच्या जमिनीवर वर्षानुवर्षे पाय आपटले की हे होऊ शकते, असे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सहा आठवडे नाच बंद करायला सांगितला. मी रडतच बाईंकडे गेले. बाईंनी समजूत घातली नाही. हातातली दांडकी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, ‘लहान मुलींचा ठेका तू धर.’ सहा आठवडे मी खुर्चीवर बसून ‘तै या तै’ म्हणत होते. आठ वर्षे त्याच खोलीत काढून जे दिसले नव्हते, ते खुर्चीवरून दिसू लागले. मुलगी थकली की तिचा गुडघा नंतर उठतो, आधी खांदा चढतो. एक चिमुरडी नेहमी डावा पाय चुकवायची. सगळ्या तिला ‘डावा, डावा’ म्हणून ओरडायच्या आणि ती आणखी गोंधळायची. मी तिच्यासाठी ठेका थोडा सावकाश केला. आठवडाभर सगळ्या वर्गाला तिच्या लयीत नाचावे लागले. आठव्या दिवशी तिचा डावा पाय नेमका ठोक्यावर पडला. ती एकदम थांबली आणि आपल्याच पायाकडे बघत राहिली. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून शनिवारचा लहान मुलींचा वर्ग माझ्याकडे आला.

शिक्षक व्हायचे मी ठरवले ते त्या खुर्चीवर. गुडघा बरा झाला, पुन्हा नाचूही लागले. पण नाचताना टाळ्या मिळाल्या त्याहून त्या चिमुरडीच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला मोठे वाटले. मला नृत्यांगना का व्हायचे नाही, याचे कारण नृत्यानेच दिलेले आहे. हे ‘सोडून देणे’ आहे असे कुणाला वाटले तर माझा वाद नाही.

तेव्हा हिशेब असा. संथपणा सहन करणे, खाली बसून राहणे, दुसऱ्याचा पाय बघणे, अपरिचित भाषेतली आज्ञा पाळणे आणि आपल्याला मिळालेली गोष्ट आधी कुणाची होती हे विसरू न देणे. यांतले काहीही बी. एड.च्या अर्जात लिहायला रकाना नाही. तरी ते सगळे घेऊनच मी वर्गात उभी राहीन.

भरतनाट्यमच्या प्रत्येक तासाच्या आरंभी आणि शेवटी आम्ही भूमीला नमस्कार करतो. आता तुझ्यावर पाय आपटणार आहोत, क्षमा कर, असा त्याचा अर्थ बाईंनी सांगितला होता. लहान मुली हा नमस्कार घाईघाईने उरकतात, कारण त्यांना घरी जायचे असते. शनिवारी मी त्यांना तो पहिल्या काळात करायला लावते.