विहिरीवरचं मागणं

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत. या भगिनींचा लंडनच्या फुलहॅम भागात एक आश्रम होता. समाजानं ज्यांना वाईट चालीच्या ठरवून दाराबाहेर काढलं होतं, अशा बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाई तो आश्रम पाहायला गेल्या. काश्मीरपासून बंगालपर्यंत पायी हिंडलेली, कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हणून गौरवलेली ही बाई; पण अशा स्त्रियांविषयी कुणी मायेनं बोलल्याचं त्यांनी तोवर ऐकलं नव्हतं. हे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाईची गोष्ट. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या मंडळीत त्यावर प्रवचनं झाली की भर नेहमी त्या बाईच्या पाच नवऱ्यांवर असे. रमाबाईंच्या वाटेनं तो पुन्हा वाचला, तेव्हा त्यातली दुपार मला दिसली. पाण्याला बायका सकाळी जातात, नाहीतर दिवस कलल्यावर. ही भर उन्हात एकटी येते. आपल्या गावांत वाढलेल्या कुणालाही याचं कारण सांगावं लागत नाही. घागरीला घागर लागते तिथे बोलणं होतं, आणि जिच्याबद्दल बोलणं होतं ती वेळ बदलते. योहान कारण लिहीत नाही, पण मला ते तसंच वाटत आलं आहे. पाच नवरे कसे झाले, हेही तो सांगत नाही. वारले असतील, त्यांनी टाकलं असेल. ठपका मात्र बाईवरच बसला असणार.

आणि विहिरीवर बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो.

यहुदी माणूस शोमरोन्याच्या हातचं पाणी घेत नसे. कुणाच्या हातचं चालतं नि कुणाच्या हातचं नाही, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. या एका गोष्टीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं चिरडली गेली. म्हणून ती चकित होते. बोलता बोलता तो तिचं सगळं आयुष्य तिच्यासमोर मांडतो, अगदी सध्या घरात असलेल्या पुरुषासकट. मग तिच्या ध्यानात येतं की याला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यानं पाणी मागितलं. तुला क्षमा केली, असं तो तिला म्हणतच नाही. बाई घागर तिथेच टाकून गावात धावते आणि ज्यांना टाळत होती त्यांनाच बोलवायला जाते.

लाज आणि पाप यांची आपण फार गल्लत करतो. पाप केलेल्या माणसाला क्षमा हवी असते. लाजेनं पिचलेल्याचं दुःख वेगळं. आपण उघडे पडलो तर कुणी जवळ उभं राहणार नाही, ही त्याची खात्री असते. तो लपतो. त्याला नुसतं ‘देवानं तुला क्षमा केली’ असं सांगितलं तर त्याच्या कानावर शब्द पडतात, अंगाला लागत नाहीत. कारण ज्यानं क्षमा केली त्यानं खरोखर सगळं पाहिलं आहे, यावर त्याचा विश्वास नसतो. पाहिलं असतं तर तो थांबलाच नसता, असं त्याला आतून वाटत राहतं. सगळं पाहिलेला माणूस आपल्या हातचं पाणी प्यायला मागतो, तेव्हा ही खात्री मोडते.

येशूची ही रीतच होती, असं मला आता वाटतं. जकातदार जक्कयाला तो झाडावरून खाली बोलावतो आणि म्हणतो की मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लुबाडलेलं चौपट परत करण्याची भाषा जक्कय त्यानंतर करतो, स्वतःहून. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ख्रिस्ती क्षमेच्या नावाखाली ज्याचं नुकसान झालं त्यालाच गप्प बसवायची खोड आपल्यात आहे. क्षमा मिळालेला माणूस हिशेब बुडवत नाही.

शिष्य पेत्राचं तर काळीज चिरणारं आहे. महायाजकाच्या अंगणात शेकोटीपाशी उभं राहून त्यानं तीनदा सांगितलं होतं की हा माणूस माझ्या ओळखीचा नाही. त्याच रात्री दुसरा शिष्य यहूदा यानंही येशूचा घात केला. दोघंही पस्तावले, यहूदानं तर घातासाठी मिळालेले पैसे फेकून दिले. पण तो एकटाच गेला आणि जीव दिला. पेत्र मात्र इतरांत राहिला, रडत का होईना, आणि म्हणून पुढे पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठच्या त्या सकाळी तो सापडला. येशूनं निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले होते. आधी जेवू घातलं. मग माझ्यावर प्रीती आहे का, असं तीनदा विचारलं आणि प्रत्येक उत्तरावर आपली मेंढरं त्याच्या हवाली केली. त्या रात्रीचा एका शब्दानं उल्लेख नाही. ज्यानं ऐन वेळी ओळख नाकारली, त्याच्यावरच कळप सोपवला.

रमाबाईंनी हे जेवढं ओळखलं तेवढं आपल्या फार थोड्या मंडळ्यांनी ओळखलं आहे. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांना स्वतःलाच उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायचा राहिला. एवढ्या बुद्धीच्या बाईला रिकाम्या हातांनी क्षमा घेणं सोपं गेलं नसेल. मग पुण्याजवळ केडगावला त्यांचं मुक्तिसदन उभं राहिलं. १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. त्यांत बालविधवा होत्या, भुकेपायी फसवल्या गेलेल्या होत्या. या मुलींचा दोष काय होता? केलं दुसऱ्यांनी आणि लाज वाहिली यांनी. अशा मुलीला ‘तुझी पापं धुतली गेली’ म्हणून सोडून देणं मला क्रूरपणाचं वाटतं. जिथे पापच तिचं नाही, तिथे आधी तिच्या डोक्यावरचं दुसऱ्याचं ओझं उतरवायला हवं. ज्यांना गावानं पतिता म्हटलं त्यांच्यासाठी रमाबाईंनी तिथेच कृपासदन काढलं.

केडगावात भक्ती होती, प्रार्थना होती, पण हाताला कामही होतं. शेती, विणकाम, गुरं, तेलघाणा, शिक्षण, छापखाना. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा सोप्या भाषेत. ते छापायचं काम मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी झालं. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. ज्यांच्या हातचं पाणी घरच्यांनी टाकलं असतं, त्यांच्या हातांनी विहिरीवरच्या त्या बाईची गोष्ट खिळ्याला खिळा लावून जुळवली. याहून मोठी क्षमा मला कल्पनेतही आणता येत नाही.

आपण मात्र परतलेल्या माणसाला व्यासपीठावर बोलावतो आणि साक्ष द्यायला लावतो. दारू सोडलेला, तुरुंगातून सुटलेला, लग्न मोडून माहेरी आलेली. पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावतो, टाळ्या वाजवतो आणि उपासना संपली की त्याच्या शेजारचं बाक रिकामं राहतं. साक्षीला माझा विरोध नाही. रमाबाईंची साक्ष नसती तर हे काहीच लिहिता आलं नसतं. पण ती त्यांनी आपल्या वेळेला, आपल्या मनानं लिहिली. शोमरोनी बाईही गावात स्वतःहून गेली, तिला कुणी पुढे ढकललं नव्हतं. आपल्याकडे एखादी बाई परत आली, तर पाळकांनी तिला माइकपाशी उभं करण्याआधी नाताळच्या जेवणाचं सामान आणायला सांगावं, पैसे तिच्या हातात द्यावेत. आणि तिनं चहा केला, तर सगळ्यांत आधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तो घ्यावा.