सायलेन्सर शेवटी

रस्त्यावरची मोटरसायकल ट्रॅकवर उतरवायची ठरली की आपल्याकडे पहिला खर्च सायलेन्सरवर होतो. मग एअर फिल्टर, मग ईसीयू रिमॅप, आणि खिशात काही उरलंच तर टायर. ब्रेक ऑइल बहुतेकांच्या यादीतच नसतं. माझं म्हणणं असं, की ही यादी खालून वर वाचायला हवी. ट्रॅकसाठी गाडी तयार करायची म्हणजे तिच्यात जोर भरायचा, ही समजूत गॅरेजांमध्ये इतकी मुरली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा कंजूष तरी ठरतो नाहीतर भित्रा तरी. पण शर्यतीच्या गाडीकडून दोन गोष्टी आधी हव्या असतात. पहिल्या फेरीत ती जशी वागली तशीच शेवटच्या फेरीत वागली पाहिजे. आणि पडलीच, तर मागून येणाऱ्याच्या वाटेत तिनं काही सांडता कामा नये. हे दोन्ही साधल्याशिवाय जोराचा विषय काढण्यात अर्थ नाही.

ही समजूत काही हवेतून आलेली नाही. ती टू-स्ट्रोकच्या काळातली आहे, आणि त्या काळात ती बरोबरही होती. १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० घ्या. ९८ सीसीचं इंजिन, ११ बीएचपी. हुशार मिस्त्री सिलिंडरच्या पोर्टवर कानस फिरवायचा, हेड थोडं घासायचा, एक्झॉस्ट बदलायचा, आणि तीच गाडी ओळखू येऊ नये अशी पळायची. शर्यती व्हायच्या त्या चेन्नईजवळ शोलावरमला, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर. धावपट्टी मुळात सरळच असते, तेव्हा तिथे जोराला भाव होता. आज इंजिन फोर-स्ट्रोक आहे, पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, आणि इंजिनातून काढता येण्यासारखं बरंचसं कंपनीनंच काढलेलं असतं. नुसता सायलेन्सर बदलून चारशे सीसीच्या आतल्या गाडीला दोन-तीन हॉर्सपॉवर मिळाली तरी पुष्कळ झालं. बाकी वाढतो तो आवाज. कानाला वेग वाढल्यासारखा वाटतो. स्टॉपवॉचला कान नसतात.

आकडेच पाहू. हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इंजिनाची ताकद दहा टक्क्यांनी वाढवली तर टॉप स्पीड वाढतो जेमतेम तीन टक्के. १६० चा १६५ होतो, तोही सरळ पट्ट्याच्या अगदी टोकाला, ब्रेक मारायच्या जरा आधी. आता वळण घ्या. ४० मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ४५ अंश झुकली तर ढोबळ हिशेबानं तिचा वेग ताशी ७१ किलोमीटर असतो. ५० अंश झुकली तर ७८. पाच अंशांत नऊ-दहा टक्के. आणि हे पाच अंश कुठे अडलेले असतात? पुष्कळदा साइड स्टँडमध्ये, फुटरेस्टच्या खाली लोंबणाऱ्या बोल्टमध्ये, मेन स्टँडच्या कानात. टायरची पकड आणि चालवणाऱ्याची छाती हे मुद्दे आहेतच, पण लोखंड जमिनीला घासत असेल तर ते मुद्दे येतच नाहीत. स्टँड उतरवायला पैसे पडत नाहीत, एक पाना पुरतो. इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास ट्रॅकवर ३.७ किलोमीटरमध्ये बारा वळणं आहेत. वळणातून बाहेर पडताना मिळालेला जास्तीचा वेग पुढच्या सरळ पट्ट्यावरही सोबत येतो. सायलेन्सरनं दिलेला वेग मात्र पुढच्या ब्रेकिंगला तिथेच सोडून द्यावा लागतो.

तो वेग सोडायचं काम ब्रेकचं. चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून निघालेली केटीएम आरसी ३९० धरू. गाडी आणि माणूस मिळून अडीचशे किलो. ताशी १६० वरून ८० वर यायचं तर तीन-चार सेकंदांत सुमारे १८५ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. अर्ध्या लिटरहून जास्त पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते. रस्त्यावर असा ब्रेक दिवसातून एखाद्या वेळी लागतो, ट्रॅकवर दर फेरीला काही वेळा, आणि डिस्क गार व्हायला सवड मिळत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत असतं. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ वर येतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि लीव्हर हँडलला टेकला तरी पॅड डिस्कला धड धरत नाहीत. सायलेन्सरच्या किमतीपुढे नव्या ऑइलच्या बाटलीची किंमत काहीच नाही. त्यात जाळीदार स्टीलचे ब्रेक पाइप आणि ट्रॅकला चालणारे पॅड घातले, तरी खर्च त्याच्या आतच राहील. ज्याला आपला ब्रेक दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाला लागणार याची खात्री आहे, तो ब्रेक उशिरा मारतो. लॅप टाइम तिथे कमी होतो.

शॉकअपची गोष्ट जरा निराळी आहे, कारण तिथे कंपनीची चूक नसते. कंपनीनं गाडी बनवली ती मागे बायको, मध्ये पोर, टाकीवर पिशवी आणि पुढे खड्डा असा हिशेब धरून. साडी गार्डसुद्धा नियमानं द्यावा लागतो. ट्रॅकवर यातलं काही नसतं. एकटा माणूस असतो आणि जोरात ब्रेक लागल्यावर पुढच्या फोर्कवर येणारा भार असतो. म्हणून आधी सॅग, म्हणजे भारानं गाडी किती दबते ते, मोजायचा. गाडी चाकं उचलून मोजायची, मग माणूस पूर्ण सूटमध्ये बसवून पुन्हा मोजायची. पुढचा फरक ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास आला तर ठीक. बऱ्याच स्वस्त फोर्कना बाहेरून फिरवायचा स्क्रू नसतो. तिथे फोर्कची टोपी उघडून स्प्रिंगवर हार्डवेअरच्या दुकानातल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवतात. पाइपाची दोन्ही टोकं काटकोनात कापून, कानशीनं साफ करून, दोन्ही बाजूंना वॉशर द्यायचा. कड तिरकी राहिली तर स्प्रिंग एका बाजूला झुकते. यानं स्प्रिंग कडक होते असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. स्प्रिंग तेवढीच राहते, फक्त गाडी वरच्या उंचीला बसते. ब्रेकमध्ये फोर्क तळाला टेकत असेल तर स्प्रिंगच जाड हवी, आणि फोर्कमधल्या ऑइलची पातळी थोडी वाढवून पाहायला हवी. टायरच्या हवेचंही तसंच. कंपनीनं दिलेला आकडा रस्ता आणि थंड टायर धरून असतो. ट्रॅकवर हवा मोजायची ती फेऱ्या संपवून पिटमध्ये आल्याआल्या, टायर गरम असताना. फेऱ्या संपवून आलेला माणूस गप्पांत रंगला आणि टायर निवला, की तो आकडा बाद.

आता लॉकवायर. पहिल्यांदाच येणाऱ्याला हा सगळ्यात निरुपयोगी प्रकार वाटतो. इंजिनाच्या ड्रेन प्लगच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यातून स्टीलची बारीक तार ओवायची, तिला पीळ द्यायचा आणि दुसरं टोक शेजारच्या हलणार नाही अशा जागी अडकवायचं. षटकोनी डोक्याच्या कोपऱ्यात ड्रिल लावलं की ते घसरतं, म्हणून आधी सेंटर पंचानं खूण करावी लागते. ड्रिलवर जोर केला की बिट आत तुटतं आणि प्लग नवा आणावा लागतो; थेंबभर ऑइल सोडत, कमी वेगानं, थांबत थांबत गेलं तर निभावतं. तारेचा ओढा प्लग घट्ट होण्याच्या दिशेनं पडला पाहिजे. उलट बाजूनं ओवली तर तीच तार प्लग सैल करायला मदत करते, आणि दिसायला मात्र काम झकपक दिसतं. ऑइल भरायचं झाकण, ऑइल फिल्टर यांनाही हीच तार. इंजिनाच्या ब्रीदरचा पाइप डब्यात सोडायचा. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर सांडलं तर ती जागा पटकन सुकत नाही आणि निसरडी राहते. फेअरिंगच्या खालच्या भागानं इंजिनातल्या ऑइल आणि पाण्याच्या निम्म्याइतका ऐवज तरी धरून ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा, म्हणजे एफआयएमचा, नियम आहे. याच नियमांत लीव्हरच्या टोकाला किमान १६ मिलिमीटरचा गोळा लागतो. टोकदार लीव्हर कुणाच्या मांडीत घुसायला नको. यातली एकही गोष्ट गाडी चालवणाऱ्याला एक दशांश सेकंदही मिळवून देत नाही. तरी स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, पहिला हात तिथेच जातो, आणि जायलाच हवा. ट्रॅकवर ऑइल सांडलं की पडतो तो सांडणारा नव्हे, त्याच्या मागचा.

यावर काही आक्षेप येतात. बाकी सगळं सारखं असेल तर ज्याची गाडी जोरात तोच जिंकणार, हा त्यातला वजनदार. तो मला मान्य आहे. अडचण ‘बाकी सगळं सारखं असेल तर’ एवढ्यातच आहे. एकाच कंपनीच्या, एकसारख्या गाड्यांच्या शर्यती आपल्याकडे टीव्हीएसनं कित्येक वर्षं भरवल्या. इंजिनं तीच, टायर तेच. तरी पहिला आणि शेवटचा यांच्यात नजरेत न मावणारं अंतर पडतं. ते अंतर इंजिनातून आलेलं नसतं. ज्या दोघांत ते उरलेलंच नाही त्यांनी खुशाल इंजिनाची ताकद मोजायला डायनोवर जावं, त्यांच्याशी माझा वाद नाही. दुसरा आक्षेप नव्या गाड्यांवरून येतो: एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, मग ही मेहनत कशाला? एबीएस चाक अडकू देत नाही, पण उकळलेल्या ऑइलचं ते काही करू शकत नाही. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला उलट माझ्याच बाजूचा वाटतो. वर सांगितलेल्यांपैकी निम्मी कामं घरच्या अंगणात, सॉकेट सेट आणि संयम एवढ्यावर होतात.

तयार झालेली गाडी मग रस्त्यावर चालवू नका. दिवे काढलेले, आरसे काढलेले, स्टँड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे फेरफार रस्त्यावर चालत नाहीत, आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पुण्या-कोल्हापुरातल्या पोरांना राष्ट्रीय स्पर्धेसाठी चेन्नई नाहीतर कोइमतूर गाठावं लागतं, तेव्हा गाडी टेम्पोत घालून न्या. सायलेन्सरसाठी साठवलेले पैसे असतील तर त्यातून आधी टायर, पॅड, ब्रेक ऑइल, फोर्क ऑइल आणि लॉकवायरचं एक रीळ घ्या. उरलेल्यातून सरावाची जास्तीत जास्त सत्रं बुक करा. त्यानंतरही काही शिल्लक राहिलं आणि सायलेन्सर बदलावासा वाटला, तर बदला.